आवाजाची मोडी

जुन्या घरांच्या माळ्यावर तांबड्या फडक्यांत बांधलेले कागदांचे रुमाल ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना एक विलक्षण अनुभव ठाऊक असेल. कागद शाबूत असतो, शाई काळीभोर असते, ओळी सरळ असतात. आणि तरीहि घरांतील एकाहि माणसाला त्यांतलें अक्षर लागत नाहीं. कागद मोडींत असतो. लिहिणारा आपल्याच घराण्यांतला, भाषा आपलीच, ज्या जमिनीविषयीं लिहिलें तीहि बहुधा आपलीच. परंतु वाचणारा मात्र बाहेरून आणावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यांत अशीं घरें थोडींथोडकीं नाहींत.

हा अनुभव आज आठवण्याचें कारण मात्र कागदाचें नाहीं, आवाजाचें आहे. २००७ सालीं आमच्या रत्नागिरीच्या घरीं एक लग्न झालें. हळद दळण्याच्या वेळीं आजीनें जात्यावर ज्या ओव्या म्हटल्या, त्या घरांतल्या एका मुलानें त्या वेळच्या साध्या मोबाइल फोनवर टिपून ठेवल्या. पुढें आजी गेली. ती ध्वनीची फाइल एका संगणकांतून दुसऱ्या संगणकांत, तेथून तिसऱ्या पेटींत, अशी फिरत राहिली. ती कोणीं पुसली नाहीं, आणि कोणीं ऐकलीहि नाहीं. अखेर एका गणपतींत सारे जमले असतांना ती नव्या फोनमध्यें घेतली, आणि काय आश्चर्य! फोनवरच्या पहिल्या प्लेअरनें ती यादींतच दाखविली नाहीं. दुसऱ्यानें दाखविली, पण हा प्रकार आपल्याला वाजवितां येत नाहीं, असें सांगून हात झटकले. फाइल शाबूत होती, फोन उत्तम होता, आणि आवाज मात्र मुका होता. रुमालांतील मोडी कागदाची आठवण त्या क्षणीं झाली, ती यामुळें.

वस्तुतः आवाज लिहून ठेवणें आणि लिहिलेला आवाज वाचणें या दोन अगदीं भिन्न विद्या आहेत. आपण त्यांना एकच समजतों, कारण एडिसनच्या यंत्रानें त्या दोन्ही एकदम साधल्या. परंतु इतिहास पाहिला तर लिहिण्याची विद्या आधीं आली आणि वाचण्याची मागाहून.

एदुआर लेओं स्कॉट द मार्तिनव्हिल नांवाचा एक फ्रेंच गृहस्थ होता. धंद्यानें तो छापखान्यांतला. काजळी धरलेल्या कागदावर एका बारीक राठ केसाच्या टोंकानें आवाजाचीं कंपनें उमटविण्याचें यंत्र त्यानें तयार केलें, आणि १८५७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. हा कागद पुन्हां वाजवावा, अशी त्याची कल्पनाच नव्हती. जशी आपण लिपि डोळ्यांनीं वाचतों, तशा या रेघा लोक डोळ्यांनींच वाचतील, अशी त्याची आशा होती. ती सफल झाली नाहीं. १८६० सालच्या एप्रिलमध्यें त्यानें एका फ्रेंच लोकगीताचा तुकडा असाच कागदावर उतरविला. आणि तो कागद तब्बल १४८ वर्षें मुका पडून राहिला.

२००८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं त्या रेघांचें सूक्ष्म छायाचित्र घेऊन संगणकाकडून त्या वाजवून घेतल्या. जगानें तो दहा सेकंदांचा आवाज ऐकला आणि म्हटलें, ही कोणी मुलगी किंवा स्त्री गात आहे. पुढील वर्षीं ध्यानांत आलें कीं, वेग दुप्पट झाला होता. स्कॉटनें गाण्याच्या शेजारीं कंपनकाट्याची रेघहि काढून ठेवली होती, म्हणजे वेग किती हें सांगण्याची सोय त्यानें करून ठेवली होती. परंतु त्या काळचे फ्रेंच लोक कंपनें मोजतांना जाणें एक आणि येणें एक असें निरनिराळें मोजीत, हें वाचणाऱ्यांच्या प्रथम लक्षांत आलें नव्हतें. वेग निम्मा करतांच ती मुलगी नाहींशी झाली आणि एक पुरुष सावकाश गाऊं लागला. बहुधा तो स्वतः स्कॉटच. सांगण्याचें तात्पर्य असें कीं, आवाज वाजविणारा हा केवळ हमाल नसतो. तो वाचक असतो. आणि वाचक चुकला म्हणजे बाप्याची बाई होते.

एडिसननें १८७७ सालीं कथलाच्या वर्खावर आवाज उमटविला आणि त्याच यंत्रानें तो परत ऐकविला. लेखक आणि वाचक एकाच पेटींत राहूं लागले. दहा वर्षांनीं एमिल बर्लिनर यानें नळकांडें टाकून सपाट तबकडी आणली. एका साच्यावरून तबकड्या हजारोंनीं काढतां येत, हा तिचा मोठा लाभ. पण त्याबरोबर एक गोष्ट घडली. लिहिण्याचें यंत्र कारखान्यांत राहिलें आणि घरीं आलें तें फक्त वाचण्याचें. आपल्याकडे सर्वांना परिचित असलेला ग्रामोफोन, ज्याला कित्येक घरांत 'फोनो' म्हणत, तो हा केवळ वाचक होय.

१९०२ सालीं फ्रेड गेसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि त्यानें गोहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. त्या काळच्या तबकड्यांच्या शेवटीं गवई आपलें नांव स्वतः उच्चारी, ही चाल पुष्कळांना ठाऊक आहे. तिला कारण असें कीं, तबकड्या छापल्या जात जर्मनींत हॅनोव्हर येथें, आणि तेथील कामगारांना कोणती तबकडी कोणाची हें कळण्यास दुसरा मार्ग नव्हता. १९०८ सालीं कलकत्त्याच्या सियालदह भागांत कारखाना निघाला. तबकडीला लागणारी लाख तर आपल्याच रानांतली. मराठी रंगभूमीचें गाणें याच मार्गानें नाटकगृहाबाहेर पडलें. बालगंधर्व, मास्तर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांचें गाणें ज्यांनीं समोर बसून कधीं ऐकलें नाहीं, त्यांनींहि तें एका बाजूस तीन मिनिटें या हिशेबानें ऐकलें. याच्या उलट अल्लादियाखाँसाहेब. एवढा मोठा गवई, १९४६ पर्यंत हयात. पण त्यांच्या गायनाची एकहि ध्वनिमुद्रिका रसिकांना उपलब्ध नाहीं. त्यांचें गाणें जें राहिलें तें शिष्यांच्या गळ्यांत.

यंत्र घरांत आलें तरी तें दिवाणखान्याचें होतें, हाताचें नव्हतें. हातांत धरून नेण्याजोगा ग्रामोफोन १९१४ सालीं लंडनच्या एका पेढीनें 'डेका' या नांवानें काढला. पहिलें महायुद्ध त्याच वर्षीं पेटलें आणि ती पेटी खंदकांतील शिपायांच्या सोबतीला गेली. १९३१ सालीं 'हिज मास्टर्स व्हॉइस'ची १०२ क्रमांकाची प्रसिद्ध पेटी निघाली. किल्ली देण्याची, झांकण लावून मुठीनें उचलण्याची. कोंकणांत रेल्वे पूर्णपणें सुरू झाली ती १९९८ सालीं. तोंपर्यंतच्या काळांत मुंबईहून गांवीं येणाऱ्याला बोटीचा किंवा घाटाचा मार्ग धरावा लागे. अशा प्रवासांत ज्याला पेटी मुठीनें उचलतां येते, त्याच्याच गांवीं गाणें पोंचतें. 'सुवाह्य' हा शब्द शहरांतल्या माणसाला चैनीचा वाटतो. बोटीवरून पडावांत आणि पडावांतून वाळूवर उतरणाऱ्याला तो गरजेचा होता.

तथापि अजूनहि घराला आपला आवाज लिहितां येत नव्हता. तो अधिकार परत मिळाला तो फितीमुळें. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें लहानशी कॅसेट आणली. १९७९ सालच्या जुलैंत जपानच्या सोनी कंपनीनें चालतां चालतां ऐकण्याचा वॉकमन विक्रीस काढला. यांतील दुसऱ्या यंत्राचा गाजावाजा अधिक झाला, पण आपल्या दृष्टीनें पहिल्याचेंच महत्त्व अधिक. कारण कॅसेट ऐकवीत होती तशी लिहीतहि होती. शिमग्यांतलें नमन, गणपतींतली जाखडी, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या गोष्टी, हें सारें टिपण्यास आतां कोणा कंपनीच्या ध्वनिमुद्रकाची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं.

या सोयीचा महाराष्ट्रांत एक थोर उपयोग झाला. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हें यांनीं जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचें काम हातीं घेतलें. शेंकडों खेड्यांतील स्त्रियांकडून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक झाली. पुढें संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या साहाय्यानें त्यांपैकीं सुमारे १२० तासांचें ध्वनिमुद्रण झालें. हें धन आज 'पारी' या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणासहि मोबाइलवर ऐकतां येतें. गाणाऱ्या बाईचें नांव, तिचें गांव आणि ओवीचे शब्द हेंहि तेथें सोबत दिलेलें असतें. तबकडीच्या शेवटीं गवयानें उच्चारलेल्या नांवाचीच ही सुधारलेली आवृत्ति म्हणावयाची.

आतां आमच्या मुक्या फाइलीकडे परत येऊं. फितीपर्यंत आवाजाची रेघ ही आवाजाच्या आकाराची होती. जोराचा आवाज तर मोठें कंपन, बारीक आवाज तर दाट कंपन. स्कॉटचा कागद दीडशें वर्षांनीं वाचतां आला तो याचमुळें. पण १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कनें ही रेघ सोडली आणि आंकडे धरले. त्या तबकडींत आवाजाची उंची एका सेकंदांत ४४,१०० वेळां मोजून लिहिलेली असते, तीहि उजवीकडची व डावीकडची निराळी. एका मिनिटाच्या गाण्यास एक कोटीहून अधिक बाइट लागतात. एवढा पसारा हातांतल्या लहान यंत्रांत मावावा कसा?

याचें उत्तर आपल्या पूर्वजांना चांगलें ठाऊक होतें. बाळबोध लिपि सुंदर, पण हात उचलून उचलून लिहावी लागते. कचेरींतल्या कारकुनाला तेवढी सवड नाहीं. म्हणून मोडी. ओळ आधींच आंखून घ्यावयाची, लेखणी शक्य तों उचलावयाची नाहीं, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळावयाचा नाहीं. कारण जाणता वाचक तो संदर्भानें भरून घेईल. म्हणजे जें वाचणाऱ्याला आपोआप कळतें तें लिहावयाचेंच नाहीं, हें मोडीचें तत्त्व.

जर्मनींतील एर्लांगेन येथें फ्राउनहोफर संस्थेंतील कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनीं आवाजाची जी नवी लेखनपद्धति सिद्ध केली, तिचें तत्त्व हेंच आहे. ढोलावर थाप पडली कीं त्याच क्षणीं शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकूं येत नाहीं. मग तो लिहा कशाला? १९९५ सालीं या पद्धतीच्या फाइलींना 'एमपी३' हें नांव मिळालें. तिच्या नेहमींच्या प्रतींत एक मिनिटाचें गाणें सुमारे दहा लाख बाइटांत बसतें, म्हणजे मूळच्या अकराव्या हिश्शांत. १९९८ सालीं निघालेल्या 'रिओ' नांवाच्या हातांतल्या यंत्रांत जेमतेम अर्ध्या तासाचें गाणें मावे. तीनच वर्षांनीं 'आयपॉड' हजार गाणीं घेऊन आला.

मोबाइल फोनवाल्यांची अडचण याहून बिकट होती. त्यांना गाणें नको होतें, बोलणें हवें होतें, आणि जागा त्याहून कमी होती. १९९९ सालीं त्यांनीं 'एएमआर' ही पद्धति स्वीकारली. ही मोडींतली मोडी. सेकंदाचे ५० भाग करावयाचे, आणि प्रत्येक भागांत आवाज कसा आहे हें न लिहितां, माणसाचा गळा व तोंड त्या वेळीं कोणत्या आकारांत असावें याचा अंदाज लिहावयाचा. एका मिनिटास ९० हजार बाइटांच्या आसपास जागा पुरते, कॉम्पॅक्ट डिस्कच्या शंभराव्या हिश्शाहूनहि कमी. परंतु माणसाच्या गळ्याबाहेरचें जें जें कांहीं, त्याची या लिपींत आबाळ होते. सेकंदाला २०० कंपनांच्या खालचा आणि ३,४०० च्या वरचा आवाज तर ती जवळजवळ सोडूनच देते. जुन्या साध्या फोनवर टिपलेले कित्येक आवाज याच लिपींत लिहिलेले आहेत. आमच्या आजीच्या ओव्याहि त्यांतच होत्या.

अशा फाइलीच्या अगदीं आरंभीं, जणूं श्रीकाराच्या जागीं, 'एएमआर' हीं रोमन अक्षरें दोन चिन्हांमागून लिहिलेलीं असतात. जाणता प्लेअर तीं पाहतो आणि कोणत्या रीतीनें वाचावयाचें तें ठरवितो. न जाणणारा प्लेअर फाइलीच्या नांवाचें शेपूट पाहतो, तें आपल्या यादींत नसेल तर पुढें जातो. यांत त्याचा दुष्टावा नसतो. प्रत्येक लिपि शिकविण्यास श्रम आणि कित्येकदां पेटंटाचें शुल्क लागतें. जी लिपि फारसे लोक वापरीत नाहींत ती नव्या यंत्राला शिकवावी कोणीं? विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली ती याच न्यायानें. कोणीं तिचा द्वेष केला नाहीं. गरज नाहीं, एवढेंच म्हटलें.

आमच्या कामास आला तो तिसरा प्लेअर व्हीएलसी. त्याची कुळकथा थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं आपल्या वसतिगृहांच्या संगणकजाळ्यावर चित्रफिती पाहतां याव्यात म्हणून हें काम आरंभिलें. २००१ सालच्या फेब्रुवारींत त्याची सारी घडण सर्वांना पाहण्यास, वापरण्यास व सुधारण्यास मोकळी करण्यांत आली. १९९९-२००० च्या सुमारास सुरू झालेल्या दुसऱ्या एका मोकळ्या प्रकल्पानें, 'एफएफएमपेग'नें, शेंकडों नव्याजुन्या लिपि वाचण्याची विद्या जमा केली आहे. व्हीएलसीला तिचा मोठा आधार आहे. अँड्रॉइड फोनांसाठीं त्याची पक्की आवृत्ति २०१४ सालीं निघाली. २०२२ सालीं त्याचें संकेतस्थळ भारतांत कित्येक महिने बंद होतें. कायदेशीर पाठपुरावा झाल्यावर त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत तें पुन्हां खुलें झालें. मोकळी विद्यासुद्धां निर्धोक असते असें नाहीं, हें यावरून दिसतें. परंतु मोकळ्या विद्येचा एक गुण असा कीं, तिची बाराखडी एका घरांत कोंडलेली नसते. दुकान बंद झालें तरी कित्ता लोकांच्या हातीं राहतो.

त्या दिवशीं त्या प्लेअरनें फाइल उघडली, आणि खोलींत आजी बोलूं लागली. आवाज लहान, जणूं भिंतीपलीकडचा. जात्याची घरघर मात्र नव्हती. तिच्या जागीं पाण्याचे बुडबुडे यावेत तसा कांहींसा ध्वनि होता. फोननें गळा लिहिला आणि दगड गाळला. स आणि श यांतला भेदहि बराच पुसला गेला होता. तिसऱ्या ओवींत एक नांव होतें. कोणाला तें देवाचें वाटलें, कोणाला गांवाचें. शेवटीं प्लेअरचा वेग निम्मा करून ती ओवी चार वेळां ऐकली. घरांत सर्वांत वडील आमची आत्या. ती म्हणाली, "हें नांव माझ्या मोठ्या बहिणीचें. दोन वर्षांची होऊन गेली ती. आईनें पुन्हां कधीं तोंडानें उच्चारलें नाहीं." लग्नघरांत, हळद दळतांना, सर्वांच्या देखत आजीनें तें उच्चारलें होतें, आणि जमलेल्या गर्दींत तें कोणीं ऐकलें नव्हतें. ऐकलें होतें फक्त एका फोननें, आणि तोहि पुढें मुका झाला होता.

मला त्या क्षणीं आनंद झाला, आणि भीतिहि वाटली. भीति अशी कीं, या वाचनाला दोन वाचक लागले. एक प्लेअर आणि एक आत्या. प्लेअरनें अक्षर लाविलें, आत्यानें अर्थ लाविला. पांच वर्षें आणखी लोटलीं असतीं, तर पहिला वाचक कदाचित् मिळाला असता. दुसरा मिळाला नसता.

इतिहासाचार्य राजवाडे रुमालांच्या शोधांत गांवोगांव हिंडले, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. तेव्हां कागद आणि मोडी वाचणारे लोक, दोन्ही अजून शिल्लक होते. ती वेळ साधली म्हणून आपला इतिहास लिहिला गेला. आपल्या घरोघरच्या आवाजांची वेळ आज आहे. त्यासाठीं फार मोठा खटाटोप नको. जुन्या फोनांतल्या, कॅसेटींतल्या ध्वनीची मूळ प्रत जशीच्या तशी जपावी, कारण जें गाळलें गेलें तें नव्या प्रतींत परत येत नाहीं, उलट आणखी कांहीं गळण्याचा संभव असतो. तिच्याबरोबर सर्वत्र वाजणाऱ्या साध्या, न दाबलेल्या पद्धतीची दुसरी प्रत करून ठेवावी. कोण गातें, कोठें, कोणत्या सालीं, आणि कोणत्या प्लेअरनें वाजतें, हें एका ओळींत लिहून ठेवावें. आणि मुख्य म्हणजे, अर्थ लावणारीं माणसें हयात आहेत तोंवर त्यांना शेजारीं बसवून तें एकदां ऐकावें.

आमच्या घरीं त्या सायंकाळीं आत्यानें तें नांव एका कागदावर लिहून दिलें. आम्हीं तो कागद माळ्यावरच्या रुमालांत ठेवला आहे. बाळबोधींत आहे, कोणासहि वाचतां येईल.